रोमन नाणं वाचताना: आधी वजन, मग अक्षरं, चेहरा सगळ्यात शेवटी

रोमन नाणं हातात आलं की नजर आधी चेहऱ्याकडे जाते. दाढी दिसली की हेड्रियन, लांब नाक दिसलं की टायबेरियस, असं एखाद्या सम्राटाचं नाव मनात येतं आणि मग अर्धी झिजलेली अक्षरंही त्या नावासारखी दिसू लागतात. वाचनातल्या बहुतेक चुका इथे सुरू होतात, म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे.

मुख्य उदाहरण टायबेरियसच्या चांदीच्या दिनारियसचं घेतलं आहे. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच संख्या मोठी आहे, त्यामुळे इथल्या संग्रहालयात किंवा संग्राहकाकडे हेच नाणं समोर येण्याची शक्यता जास्त. लॅटिन अक्षरं इंग्रजी वर्णमालेतल्या नावांनी लिहिली आहेत: ए, व्ही, जी वगैरे.

## पायरी १: तयारी

लागणारं सामान थोडंच आहे, पण त्यातलं काहीही वगळू नका.

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. वीसपट नको, त्यात एका वेळी एकच अक्षर दिसतं आणि ओळ हरवते.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. किराणा दुकानातला काटा इथे उपयोगाचा नाही.
- व्यास मोजायला प्लास्टिकचा कॅलिपर. लोखंडी जबड्याने कडेला ओरखडा पडतो.
- मान वळवता येणारा टेबलावरचा दिवा. छताची ट्यूबलाइट बंद ठेवा.
- कागद, पेन्सिल, आणि कागदावर नाण्याच्या दोन बाजूंसाठी काढलेली दोन मोठी वर्तुळं. दोन्हींच्या कडेने घड्याळासारखे १ ते १२ आकडे लिहा.

नाणं नेहमी कडेने धरा आणि खाली मऊ कापड अंथरा.

खबरदारी: वाचता येत नाही म्हणून नाणं घासायचं नाही. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. तांब्या-पितळेच्या नाण्यावरचा गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. अक्षराचा पृष्ठभाग आता त्या थरातच उरलेला असतो, थर गेला की अक्षरही जातं. सुटी माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मऊ ब्रशने काढा, त्यापुढे जाऊ नका. फिकट हिरवी भुकटी दिसली तर नाणं वेगळं ठेवा आणि संवर्धकाला दाखवा.

कायद्याचं भान: जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं पुरलेलं धन १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतं, ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

## पायरी २: वजन, व्यास, धातू

एकही अक्षर वाचण्याआधी हे तीन आकडे लिहून ठेवा. निम्मे पर्याय इथेच गळतात.

- ऑरियस (सोनं): ऑगस्टसच्या काळात ८ ग्रॅमच्या किंचित आत, नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास वजन उतरवल्यावर साधारण ७.३.
- दिनारियस (चांदी): आधी सुमारे ३.९ ग्रॅम, नीरोनंतर ३.४ च्या आसपास. व्यास १७ ते २० मिलिमीटर.
- सेस्टर्शियस (पितळ): सुमारे २५ ग्रॅम, ३२ ते ३६ मिलिमीटर. तळहातावर जाणवण्याइतकं जड.
- दुपोंदियस (पितळ) आणि अॅस (तांबं): व्यास जवळपास सारखा. दुपोंदियस १२-१३ ग्रॅम, अॅस १०-११.
- अँटोनिनियानस: कॅराकॅलाने इ. स. २१५ मध्ये सुरू केलेलं, सुरुवातीला सुमारे ५ ग्रॅम. २६०-२७० पर्यंत त्यातली चांदी इतकी घटली की नाणं तांब्याचंच वाटतं.
- सॉलिडस (सोनं): कॉन्स्टंटाइनपासून, एका रोमन पौंडात ७२, म्हणजे सुमारे ४.५ ग्रॅम.

वापराने झिजलेलं नाणं थोडं हलकं भरणारच. पण ३.८ ग्रॅमच्या जागी २.७ भरलं तर ती झीज नव्हे. अशा वेळी कड छाटलेली असते, किंवा आत तांब्याचा गाभा आणि वर चांदीचा पत्रा असतो, किंवा नाणं ओतलेलं असतं.

तपासा: चांदीच्या नाण्याच्या कडेला किंवा ओरखड्यात लालसर-हिरवट ठिपका दिसतो का? दिसला तर तांब्याचा गाभा धरा. अशी मुलामा दिलेली नाणी त्या काळीही बनत, त्यामुळे तेवढ्यावरून नाणं आजचं बनावट ठरत नाही. नोंद मात्र हवीच.

## पायरी ३: उजेड आडवा, नाणं सरळ

दिवा नाण्याच्या पातळीला आणा, जेमतेम पंधरा-वीस अंशांवर. वरून उजेड पडला की उठाव सपाट दिसतो. आडव्या उजेडात झिजलेल्या अक्षरालाही सावली पडते. नाणं जागेवरच ठेवा आणि दिवा फिरवा. चारही दिशांनी मोबाइलवर एकेक फोटो घ्या, कारण डावीकडून न दिसलेला ‘आर’चा पाय उजवीकडून दिसतो.

चेहरा उभा सरळ ठेवा, मान खाली. आता फक्त अक्षरांच्या खुणा वर्तुळात उतरवा. अर्थ लावू नका. एक उभी रेघ दिसली तर एक उभी रेघच काढा, ती ‘आय’ आहे की ‘टी’चं खोड हे नंतर ठरेल. न दिसणाऱ्या जागी अंदाजाने मावतील तितकी टिंबं द्या.

सुरुवात कुठून? बहुतेक शाही नाण्यांवर लेख डावीकडे खाली, घड्याळातल्या सातच्या आसपास सुरू होतो, काट्याच्या दिशेने जातो आणि अक्षरांचे पाय मध्याकडे असतात. पण हा नियम डोळे मिटून धरू नका. टायबेरियसच्या या दिनारियसवर सुरुवात वर उजवीकडे, एकच्या जवळ आहे. ओळ चेहऱ्यासमोरून उतरते आणि डोक्यामागून वर चढते. सातपासून वाचायला घेतलं की ‘ए-व्ही-जी’ आधी येतं, नाव मागे पडतं आणि माणूस ऑगस्टसचं नाणं म्हणून मोकळा होतो.

तपासा: लेखात सगळ्यात मोठी फट कुठे आहे? सुरुवात आणि शेवट बहुधा तिथेच असतात. मात्र डोकं लेखाच्या ओळीत घुसलं असेल तर तिथेही फट पडते. मागच्या बाजूला तर उभ्या आकृतीमुळे शब्दाचे सरळ दोन तुकडे होतात.

## पायरी ४: अक्षरांचे शब्द करणं

रोमन लेखात शब्दांमध्ये जागा सोडण्याची सक्ती नाही. क्वचित एखादं टिंब असतं. म्हणून चार गोष्टी आधी पक्क्या करा.

‘यू’ हे अक्षरच नाही, त्याच्या जागी ‘व्ही’ असतं. ‘जे’ नाही, तिथे ‘आय’. तेच ‘व्ही’ आकडा म्हणून पाच आणि तेच ‘आय’ एक. आणि शेवटचं अक्षर दुप्पट झालं की माणसंही दुप्पट: ‘ए-व्ही-जी’ म्हणजे एक ऑगस्टस, ‘ए-व्ही-जी-जी’ म्हणजे दोन, तीन ‘जी’ म्हणजे तीन सहसम्राट.

आता आपलं उदाहरण. कागदावर उतरलेली ओळ अशी:

टी-आय-सी-ए-ई-एस-ए-आर-डी-आय-व्ही-आय-ए-व्ही-जी-एफ-ए-व्ही-जी-व्ही-एस-टी-व्ही-एस

ती अशी तुटते:

- टी-आय: तिबेरिउस, म्हणजे आपला टायबेरियस
- सी-ए-ई-एस-ए-आर: सीझर
- डी-आय-व्ही-आय: दिव्य झालेल्याचा
- ए-व्ही-जी: ऑगस्टस
- एफ: फिलिउस, मुलगा
- ए-व्ही-जी-व्ही-एस-टी-व्ही-एस: ऑगस्टस, इथे पदवी म्हणून

‘टायबेरियस सीझर, दिव्य ऑगस्टसचा मुलगा, ऑगस्टस.’ एकाच ओळीत ऑगस्टस दोनदा येतो, पहिला बाप आणि दुसरी स्वतःची पदवी. मधलं ‘एफ’ झिजलं तर सगळं वाचन घसरतं, म्हणून त्या एका अक्षरावर भिंग धरून वेळ घालवा.

‘दिवी’ लक्षात ठेवायला मराठी माणसाला अवघड नाही, हा शब्द आपल्या ‘देव’ आणि ‘दिव्य’ यांचाच लांबचा भाऊ आहे. फरक शेवटात आहे. ‘डी-आय-व्ही-आय एफ’ म्हणजे दिव्य झालेल्याचा मुलगा, तो स्वतः जिवंत. ‘डी-आय-व्ही-व्ही-एस’ मात्र ज्याचा चेहरा आहे त्यालाच लागतं, म्हणजे नाणं त्याच्या मृत्यूनंतर पाडलेलं.

इथे हमखास चुकतं:

‘टी-आय’ म्हणजे टायबेरियस हे खरं, पण क्लॉडियसचं पाळण्यातलं नावही तेच, त्याचा लेखही ‘टी-आय’नेच सुरू होतो. पुढचे ‘सी-एल-ए-व्ही-डी’ शोधा. नुसतं ‘टी’ असेल तर टायटस. एकटं ‘सी’ पहिल्या नावाच्या जागी आलं तर गायस, ‘एल’ ल्यूशियस, ‘एम’ मार्कस.

‘अँटोनिनस’ तर सापळाच आहे. अँटोनिनस पायस, मार्कस ऑरेलियस, कॅराकॅला आणि एलागाबालस या चौघांच्याही लेखांत हे नाव येतं. ढोबळ नियम असा की ‘अँटोनिनस पायस ऑग’ने लेख सुरू झाला आणि चेहरा तिसऱ्या शतकातला असला तर कॅराकॅला, त्याच शब्दांआधी ‘आय-एम-पी’ (इंपेरातोर, सम्राट) असेल तर एलागाबालस. त्याच्या नाण्यांवर मागच्या मोकळ्या जागेत अनेकदा एक तारा असतो, त्याने खात्री करता येते.

आणि शब्दाच्या शेवटी ‘ओ’ दिसला की नवा सम्राट शोधू नका. ‘ट्रायानो’ म्हणजे ‘ट्रेजनला’, आपल्या चतुर्थीसारखा प्रत्यय.

## पायरी ५: पदव्या आणि साल

नाण्यावर साल लिहिलेलं नसतं. ते पदव्यांमधून काढायचं, आणि हा भाग नीट जमला की नाणं खऱ्या अर्थाने बोलू लागतं.

- पी एम: पोंटिफेक्स माक्सिमुस, मुख्य पुरोहित
- टी-आर पी: ट्रिब्यूनचा (जनतेच्या प्रतिनिधीचा) अधिकार, दरवर्षी नव्याने मिळणारा
- सी-ओ-एस: कॉन्सल, रोमचा वर्षापुरता सर्वोच्च अधिकारी, पुढे कितव्यांदा तो आकडा
- पी पी: पातेर पात्रिए, राष्ट्रपिता
- पी एफ: पिउस फेलिक्स, मुख्यतः तिसऱ्या शतकापासून
- डी एन: आमचा स्वामी, चौथ्या शतकापासून सर्रास
- आय-एम-पी: सुरुवातीला असेल तर पदवी; शेवटी आकड्यासह असेल तर विजयानंतर झालेल्या जयघोषांची संख्या

ट्रेजनचा एक दिनारियस घेऊ. पुढे: आय-एम-पी ट्रायानो ए-व्ही-जी जी-ई-आर डी-ए-सी पी-एम टी-आर-पी. मागे: सी-ओ-एस व्ही पी-पी एस-पी-क्यू-आर ऑप्टिमो प्रिंक. म्हणजे ‘सम्राट ट्रेजन ऑगस्टसला, जर्मनी आणि डेशिया जिंकणाऱ्याला... पाचव्यांदा कॉन्सल, राष्ट्रपिता. सेनेट आणि रोमची जनता, सर्वोत्तम प्रमुखाला.’ ‘टी-आर पी’ पुढे आकडा नाही, म्हणून नेमकं वर्ष निघणार नाही. पण ट्रेजन पाचव्यांदा कॉन्सल झाला इ. स. १०३ मध्ये आणि सहाव्यांदा ११२ मध्ये. म्हणजे नाणं १०३ ते १११ या काळातलं.

आकडा असेल तर काम आणखी नेमकं होतं. सेप्टिमियस सेव्हेरसला ट्रिब्यूनचा अधिकार १९३ मध्ये मिळाला आणि तो दर १० डिसेंबरला नवा होई. त्याचं ‘टी-आर पी व्ही’ म्हणजे डिसेंबर १९६ ते डिसेंबर १९७, सूचीत ते १९७ म्हणून येतं.

खबरदारी: कॉन्सलपदाचा आकडा दरवेळी उपयोगी पडत नाही. हेड्रियन तिसऱ्यांदा कॉन्सल झाला ११९ मध्ये आणि चौथ्यांदा कधीच झाला नाही, त्यामुळे ‘सी-ओ-एस आय-आय-आय’ त्याच्या मृत्यूपर्यंत, १३८ पर्यंत चालतं. शेजारी ‘पी पी’ असेल तर निदान १२८ नंतरचं, एवढं म्हणता येतं.

टायबेरियसच्या आपल्या नाण्याला हे सुख नाही. मागे फक्त ‘पोंटिफ माक्सिम’ आहे, वर्षाचा आकडा नाही, आणि हा नमुना वर्षानुवर्षं तसाच पाडला गेला. इ. स. १४ ते ३७, एवढंच लिहा. उगाच नेमकेपणा आणू नका.

## पायरी ६: मागची बाजू

आता चित्र, तेही हातापासून. चेहरा आणि कपडे यांत देवता सारख्याच दिसतात. ओळख पटते ती हातातल्या वस्तूंवरून. दोन्ही हातांत काय, पायाशी काय, डोक्यावर काय, याच क्रमाने लिहा. नाणं पाहताना डावं-उजवं बघणाऱ्याचं, पण हात मात्र आकृतीचे स्वतःचे, हा संकेत पाळा.

- सुकाणू किंवा चाक: फॉर्च्युना, दैव
- धान्याची कणसं, पायाशी धान्याचं माप किंवा जहाजाचं नाक: अॅनोना, धान्यपुरवठा
- ऑलिव्हची फांदी: पॅक्स, शांती
- पसरट वाटीतून सापाला खाऊ घालणारी: सॅलस, आरोग्य
- एका हातात फूल, दुसऱ्याने घोळ उचललेला: स्पेस, आशा
- टोकदार टोपी आणि काठी: लिबर्टास, स्वातंत्र्य
- पंख, पुष्पमाळ, ताडाचं पान: व्हिक्टोरिया, विजय
- किरणांचा मुकुट, उजवा हात वर, डाव्यात गोल: सोल, सूर्य

फळांनी भरलेलं शिंग जवळपास सगळ्यांकडे असतं, त्यावरून काहीच ठरवू नका. तराजू आणि शिंग दोन्ही असतील तर एक्विटास (न्याय) किंवा मोनेटा (टांकसाळीची देवता). चित्रावरून त्या दोघी वेगळ्या होत नाहीत, तिथे लेखच वाचावा लागतो.

आपल्या दिनारियसवर खुर्चीत बसलेली, उजवीकडे तोंड केलेली स्त्री आहे. एका हातात लांब दंड, दुसऱ्यात फांदी. ती पॅक्स आणि चेहरा टायबेरियसची आई लिव्हिया हिचा, असं बहुधा मानतात. पण नाण्यावर तिचं नाव नाही, तेव्हा नोंदीत ‘बसलेली स्त्री, दंड आणि फांदी’ हे आधी आणि ओळख नंतर. खुर्चीचे पाय साधे की नक्षीदार, पायाखाली रेघ एक की दोन, हेही बघून लिहा. उपप्रकार त्यावरूनच पडतात.

ऑगस्टसचा भारतात भरपूर सापडणारा दिनारियस याहून वेगळा आहे: दोन उभे तरुण, त्यांच्यामध्ये ढाली आणि भाले, वर यज्ञातली पळी आणि वाकड्या टोकाची काठी. हे त्याचे दत्तक घेतलेले नातू गायस आणि ल्यूशियस. पुढच्या लेखात ‘पातेर पात्रिए’ पूर्ण लिहिलेलं असतं, आणि ती पदवी त्याला इ. स. पू. २ मध्ये मिळाली, म्हणजे नाणं त्याआधीचं असूच शकत नाही.

तांब्या-पितळेच्या नाण्यावर मध्ये ठळक ‘एस सी’ असेल तर ते ‘सेनेटच्या ठरावाने’, कुणाच्या नावाची अक्षरं नव्हेत.

## पायरी ७: पायाखालची रेघ

चित्राखाली आडवी रेघ आणि तिच्याखाली अक्षरं असतील तर तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे तिथे टांकसाळीची खूण असते. ‘एस-एम’ म्हणजे पवित्र टांकसाळ, मग शहर: ‘ए-एन-टी’ अँटिऑक, ‘ए-एल-ई’ अलेक्झांड्रिया, ‘एस-आय-एस’ सिस्किया, ‘टी-आर’ ट्रिअर. पुढे किंवा मागे टांकसाळीतल्या कारखान्याचा क्रम.

खबरदारी: लेखात ‘टी-आर-पी’ म्हणजे ट्रिब्यूनचा अधिकार, पण रेघेखाली तीच तीन अक्षरं म्हणजे ट्रिअरचा पहिला कारखाना. जागा न बघता अर्थ लावला की सम्राटच बदलतो. सोन्याच्या सॉलिडसवरच्या ‘सी-ओ-एन-ओ-बी’लाही फसू नका. ती कॉन्स्टँटिनोपलची खूण पुढे इतर टांकसाळींनीही वापरली. मधल्या मोकळ्या जागेत ‘आर-व्ही’ असेल तर नाणं रव्हेन्नाचं.

## पायरी ८: आता चेहरा

आता चेहऱ्याने फक्त पडताळा घ्यायचा. डोक्यावर काय आहे ते आधी: लॉरेलची माळ, किरणांचा मुकुट, मोत्यांची पट्टी की काहीच नाही. किरणांचा मुकुट बहुधा दुप्पट किमतीची खूण, म्हणजे दुपोंदियस किंवा अँटोनिनियानस. राणीच्या बाबतीत तेच काम खांद्याखालची चंद्रकोर करते. मोत्यांची पट्टी दिसली तर कॉन्स्टंटाइनच्या राजवटीच्या शेवटच्या टप्प्याआधी जाऊ नका.

चेहरा आणि लेख जुळले नाहीत तर लेख पुन्हा वाचा, चेहरा नाही. दूरच्या टांकसाळीतला कारागीर सम्राटाला पाहिलेला नसे, नमुन्यावरून ठसा कोरत असे.

## पायरी ९: हे रोमन आहे का?

आपल्याकडे हा प्रश्न खास आहे. नाशिक-जुन्नर भागातलं, डोक्याभोवती ग्रीकसारखी अक्षरं असलेलं सुमारे दोन ग्रॅमचं चांदीचं नाणं रोमन नसून क्षत्रपांचं, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांचं, असण्याची शक्यता मोठी. नाणं उलटं करा: मागे ब्राह्मी किंवा खरोष्ठी लिपी दिसली की प्रश्न मिटला. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये अशी क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली, त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. एकावर एक दोन ठसे असले की अक्षरांची खिचडी होते. तिथे दोन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि प्रत्येक थर वेगळा उतरवा.

रोमन नाण्यांची नक्कलही इथे झाली. चेहरा बरा, पण लेखात नुसत्या उभ्या रेघा आणि गोल, शब्द जुळतच नाहीत, असं असेल तर ते रोमन टांकसाळीचं नाही. त्यात शब्द शोधत बसू नका. चेहऱ्यावर छिन्नीचा सरळ घाव दिसला तर तो मात्र अस्सल नाण्यावरही असतो. भारतात सापडलेल्या कित्येक नाण्यांवर आहे, त्याला अक्षराची रेघ समजू नका.

आजची ओतीव बनावट ओळखायला कड फिरवून बघा. कडेने गोल जाणारी बारीक शिवण, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, साबणासारखी गोलसर अक्षरं. ठशाने पाडलेल्या अक्षराची भिंत उभी असते.

## पायरी १०: नोंद

दिसलेलं आणि लावलेलं वेगळं राहिलं पाहिजे. न दिसणारी पण खात्रीची अक्षरं चौकोनी कंसात, संक्षेपाचा विस्तार साध्या कंसात, आणि काहीच कळत नाही तिथे टिंबं. शेवटी ठशाची दिशा: चेहरा सरळ धरून नाणं उभ्या अक्षावर फिरवा आणि मागच्या चित्राचं डोकं घड्याळात कुठे येतं ते लिहा.

आपल्या नाण्याची नोंद अशी होईल:

दिनारियस, चांदी. वजन ३.६९ ग्रॅम, व्यास १८ मिमी, ठसा ६ वाजता. पुढे: टी-आय सी-ए-ई-एस-[ए-आर] डी-आय-व्ही-आय ए-व्ही-जी एफ ए-व्ही-जी-व्ही-एस-[टी-व्ही-एस], डोकं उजवीकडे, लॉरेलची माळ. मागे: पी-ओ-एन-टी-आय-एफ [एम]-ए-एक्स-आय-एम, खुर्चीत बसलेली स्त्री उजवीकडे, दंड आणि फांदी, खुर्चीचे पाय नक्षीदार, खाली एक रेघ. टायबेरियस, लुग्डुनम (फ्रान्समधलं आजचं लियाँ) टांकसाळ, इ. स. १४-३७. गालावर छिन्नीचा एक घाव.